खराट्याची पाळी

शाळेच्या इमारती, परीक्षांचे निकाल आणि दात्यांचे ऋण यांचा वृत्तांत या स्मरणिकेत अन्यत्र आलेला आहे. संपादक मंडळाने आम्हा प्राथमिक विभागाच्या शिक्षकांकडे सोपवलेला विषय वेगळा आहे. पहिली ते चौथीच्या मुलांवर येथे कोणते संस्कार होतात, ते पालकांना आणि समाजबांधवांना उमगेल अशा रीतीने आम्ही लिहावे, अशी मंडळाची इच्छा. 'संस्कार' या शब्दाशी आमचे फारसे सख्य नाही, हे आरंभीच कबूल करतो. सहा-सात वर्षांचे मूल भिंतीवरची सुवचने वाचत नाही. त्याला अजून धड वाचताही येत नसते. पाणी कोण भरतो, आधी कोण जेवतो आणि केर कोण काढतो, एवढे मात्र ते नीट पाहत असते, आणि त्यावरूनच आपल्या मनाशी जगाचा हिशेब मांडते. म्हणून हा लेख आम्ही एका प्रश्नापासून सुरू करतो. प्रवेशाच्या दिवशी फॉर्म भरून झाल्यावर कोणी ना कोणी पालक दरवर्षी तो विचारतातच : "आमच्या लेकराच्या हाती खराटा का देता?"

हा प्रश्न विचारण्याचा पुरेपूर अधिकार आपल्या समाजाला आहे. चावडी झाडणे, मेलेली जनावरे ओढणे, वेळी-अवेळी सांगावे पोहोचवणे ही गावकीची कामे आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला जन्माबरोबर आली आणि वतनाच्या नावाखाली ती पिढ्यान्‌पिढ्या करून घेतली गेली. या वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा झाला तो १९५८ चा. तो पाहायला बाबासाहेब हयात नव्हते. ज्या हातांतून खराटा सुटायला इतका काळ लागला, त्यांच्या नातवंडांच्या हाती तो पुन्हा कशासाठी, असे कोणी विचारले तर आम्हाला राग येण्याचे कारण नाही. परंतु एकेकाळी तो आला होता, आणि ती हकीकत पुढे सांगायची आहे. तिच्याआधी दिनक्रमाची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे.

माजी विद्यार्थ्यांना हा भाग पाठ आहे. त्यांनी तो ओलांडून पुढे जावे. पहाटे साडेपाचला कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा वाजतो. मुले अंथरुणे गुंडाळतात, तोंड धुतात आणि पाळीप्रमाणे कामाला लागतात : कोणी पटांगण, कोणी वर्ग, कोणी जेवणाची पडवी. मोठी माणसेही त्याच वेळी त्यांच्यात असतात. साडेसहाला आंघोळी, नंतर वंदना. त्रिशरण-पंचशील म्हणणारी मुले म्हणतात. इतर धर्मांच्या घरांतून आलेली मुले शांत बसतात, त्यांच्यावर सक्ती नाही. वंदना कामाच्या नंतर का, असे एका पाहुण्यांनी विचारले होते. त्यामागे मोठे तत्त्वज्ञान नाही. झाडलेल्या जागेवर बसणे बरे वाटते, इतकेच.

पाण्याची व्यवस्था मात्र विचारपूर्वक केलेली आहे. पडवीत माठ ओळीने आहेत, प्रत्येकावर एकच लांब दांड्याचे ओगराळे आहे, आणि त्यातून कोणीही स्वतः पाणी घेतो. ही गोष्ट लिहावी इतकी मोठी नाही, असे तरुण वाचकांना वाटेल. बाबासाहेबांनी आपल्या लहानपणाच्या ज्या आठवणी लिहून ठेवल्या त्यांत शाळेच्या पाण्याची आठवण आहे. नळ समोर असून त्यांना तो सोडता येत नसे. शिपाई हजर असला तर तो नळ सोडी, नसला तर तहान घेऊन बसायचे. वर्गात बसण्यासाठी त्यांचे वेगळे गोणपाट होते आणि ते रोज घरी न्यावे लागे, कारण शाळेची झाडलोट करणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावीत नसे. पहिलीची मुले आली की पहिल्याच आठवड्यात त्यांना ही हकीकत आम्ही माठाजवळ उभे करून सांगतो. ऐकून मुले बहुधा गप्प होतात. एकदा एका मुलाने मात्र विचारले, "मग शिपाई आजारी पडला तर?" आमच्यापैकी कोणालाही चटकन उत्तर सुचले नाही.

आता खराट्याची हकीकत.

शाळेच्या सुरुवातीच्या वर्षांत पाळीचा फळा नव्हता. काम होते, पण ते 'सांगितले' जात असे, आणि बहुधा शिक्षा म्हणून सांगितले जात असे. गृहपाठ झाला नाही, झाड पटांगण. भांडण केले, दोन दिवस पडवी झाड. छडीपेक्षा हे बरे, अशी आमची समजूत होती. छडी वापरत नाही याचा थोडा अभिमानही होता. आपल्या भागातील पुष्कळ पालक ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रकमध्ये बिऱ्हाड टाकून कारखान्याच्या वाटेला लागतात आणि उन्हाळा तोंडावर आला की परततात. निघण्यापूर्वी ती लेकरांना भेटायला येतात. अशाच एका सकाळी तिसरीतल्या एका मुलाचे वडील आले. त्यांचा मुलगा एकटाच पडवी झाडत होता. पाढे पाठ नव्हते म्हणून. बाकीची मुले वर्गात होती. वडील काही वेळ खांबाशी उभे राहिले. मग त्यांनी मुलाच्या हातातला खराटा घेऊन भिंतीला टेकवून ठेवला आणि त्याची पेटी आणायला त्याला आत पाठवले.

आम्ही त्यांना कार्यालयात बसवले. श्रमाला प्रतिष्ठा हवी, काम हलके-भारी नसते, असे सर्व काही सांगितले. गाडगेबाबांचे उदाहरण दिले. गाडगेबाबा गावोगाव स्वतः झाडत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, हेही सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "गुरुजी, बाबांनी खराटा आपल्या मनानं उचलला. माझ्या आज्याच्या हातात तो दिला होता. तुम्ही माझ्या पोराच्या हातात दिलाय. सारखं कसं व्हईल?" आमच्याकडे उत्तर नव्हते, पण ते आम्ही त्या दिवशी मान्य केले नाही. उलट, अडाणीपणामुळे मुलाचे नुकसान करतात, असे आपसांत बोललो. मुलगा वडिलांबरोबर गेला. तो हंगाम त्याने उसाच्या फडात, कोपीवर धाकट्या बहिणीला सांभाळत काढला.

पुढे काही दिवसांनी एका शिक्षिकेने शिक्षक सभेत एक कागद ठेवला. दोन महिन्यांत झाडण्याची शिक्षा कोणाकोणाला झाली, याची तिने आठवून आठवून यादी केली होती. यादीतील नावे पुनःपुन्हा तीच होती, आणि ती ज्यांचे आईवडील दूर फडात आहेत, ज्यांच्यासाठी कोणी विचारायला येणार नाही, अशाच मुलांची होती. गावातल्या नोकरदारांच्या किंवा आमच्या स्वतःच्या मुलांपैकी एकाचेही नाव तिच्यात नव्हते. कोणी ठरवून केले नव्हते. पण न ठरवता तेच घडावे, यातच सगळे आले. जातीची व्यवस्था ही कामांची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले होते. त्यांच्या तसबिरीखाली बसून आम्ही तीच वाटणी करीत होतो.

त्या सभेत मुख्याध्यापकांनी उपालीची गोष्ट सांगितली. अनिरुद्ध, भद्दिय, आनंद इत्यादी शाक्यकुमार प्रव्रज्येसाठी तथागतांकडे गेले तेव्हा त्यांचा न्हावी उपाली त्यांच्याबरोबर होता. कुमारांनीच विनंती केली की, याला आधी दीक्षा द्यावी. संघात मान दीक्षेच्या क्रमाने असल्यामुळे मग शाक्यांना त्याच्यापुढे वाकावे लागेल आणि कुळाचा अभिमान उतरेल. हा उपाली पुढे विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार मानला गेला. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय त्याने सांगितला, अशी परंपरा आहे. गोष्ट आम्हा सर्वांना ठाऊक होती. तिच्यातला व्यवहार आमच्या लक्षात आला नव्हता. राजपुत्रांनी समतेवर भाषण केले नाही, रांगेतला क्रम बदलून घेतला.

तेव्हापासून कोणतेही काम शिक्षा म्हणून सांगायचे नाही, हा पहिला नियम झाला. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. तोवर आमच्याकडे ही सवय सुटलेली होती, एवढे समाधान. दुसरे, पाळीचा फळा लागला. त्यावर मुले, शिक्षक, अधीक्षक, स्वयंपाकी, कामाठी अशी सर्वांची नावे एकाच यादीत येतात, नावापुढे हुद्दा लिहीत नाहीत, आणि यादी दर सोमवारी एका घराने सरकते. शौचालये धुण्याचे काम लहान मुलांकडे नसते. ते मोठ्यांचे, आणि त्याची पहिली पाळी मुख्याध्यापकांची. हे शेवटचे ठरले तेव्हा आमच्यापैकी दोघांनी नापसंती दर्शवली होती. एकाने तर, समाजात तोंड कसे दाखवू, असे म्हटले. त्यांची पाळी आली त्या सोमवारी ते आजारी पडले. पुढच्या वेळी पडले नाहीत.

आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला घरची केरसुणी लक्ष्मी म्हणून पुजतात, आणि ती वळणाऱ्या मातंग बांधवांची वस्ती मात्र गावाच्या कडेला. फळ्यावरच्या यादीत पूजेला जागा नाही.

पुढच्या जूनमध्ये ते वडील मुलाला घेऊन परत आले. कार्यालयात येण्याआधी ते फळ्यापाशी थांबले. त्यांना वाचता येत नव्हते. मुलाला म्हणाले, वाच. मुलाने अडखळत एकेक नाव आणि त्यापुढचे काम वाचले. शौचालयापुढचे मुख्याध्यापकांचे नाव त्यांनी दोनदा वाचून घेतले. आम्हाला ते काहीच बोलले नाहीत. पेटी खोलीत ठेवून, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवून निघून गेले. मुलगा पुन्हा तिसरीतच बसला. त्याचे ते वर्ष आमच्यामुळे गेले, आणि ते आम्हाला भरून देता आलेले नाही.

जेवणाविषयी थोडक्यात. दोन्ही वेळा पंगत असते. पहिलीची मुले आधी बसतात, चौथीची वाढतात आणि शेवटी जेवतात. शिक्षक चौथीबरोबर बसतात. भाकरी संपली तर ती शेवटच्या पंगतीला संपते, त्यामुळे पीठ किती भिजवायचे याकडे शिक्षकांचे आपोआप लक्ष राहते! गावच्या लग्नात शेवटची पंगत कोणाची असे, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. वसतिगृहांचा आपला इतिहास याच प्रश्नाशी झगडत आलेला आहे. १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सभेने सोलापूरला वसतिगृह काढले. त्याच सुमारास साताऱ्यात भाऊराव पाटलांच्या छत्रपती शाहू बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि जेवत होती. आज आमच्याकडेही वेगवेगळ्या जातिधर्मांची लेकरे आहेत. प्रवेशाच्या वेळी, "स्वयंपाक कोण करतं?" असा प्रश्न अजूनही एखाद्या वर्षी येतो. आम्ही वाद घालत नाही. स्वयंपाकघर दाखवतो, तिथल्या मावशी गरम भाकरी हातावर ठेवतात. बहुतेक जण खातात. एक गृहस्थ न खाता गेले. त्यांचा मुलगा मात्र चार वर्षे येथेच जेवला.

पहिलीच्या प्रत्येक मुलामागे चौथीची एक ताई किंवा दादा नेमलेला असतो. जून-जुलैत या लहानग्यांचे रडणे संध्याकाळी सुरू होते, दिवे लागले की. अशा वेळी शिक्षकांपेक्षा नऊ वर्षांची ताई अधिक उपयोगी पडते, कारण तीही तीन वर्षांपूर्वी त्याच खिडकीशी बसून रडलेली असते. ताप, खरूज, उवा हे पावसाळ्याचे सोबती. आजारी मुलाला वेगळ्या खोलीत एकटे ठेवायचे नाही, सोबतीला मोठे माणूस हवेच, हा दंडक विनयपिटकातील एका प्रसंगावरून घेतला आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडलेला तथागतांना दिसला. इतर भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते, कारण तो कोणाच्या उपयोगी पडला नव्हता. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचकावर ठेवले, आणि मग संघाला विचारले की, येथे तुम्हाला आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहील? निवासी शाळेला याहून जवळची गोष्ट आम्हाला माहीत नाही. मुले ती ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी सोबत्याच्या ओकारीवर माती टाकायला धावतात; त्यात हौसही असते, ते असो.

शनिवारची सभा ही आमच्या दिनक्रमातील सर्वांत अवघड गोष्ट. वर्षावासाच्या अखेरीस भिक्खू पवारणा करतात, म्हणजे माझ्या हातून काही चुकलेले पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली असेल तर सांगा, अशी एकमेकांना विनंती करतात. दोष सांगणाऱ्यालाही अटी आहेत : वेळ योग्य असावी, गोष्ट खरी असावी, शब्द मऊ असावेत, ऐकणाऱ्याचे हित व्हावे आणि मनात मैत्री असावी. शनिवारी संध्याकाळी आम्ही याचेच लहान रूप करतो. मोठी माणसे आधी विचारतात, मग मुले. आरंभीचे कितीतरी शनिवार "याने माझी पेन्सिल घेतली" यातच जातात, आणि ते जाऊ द्यावे लागतात. मग एखाद्या शनिवारी तिसरीतली मुलगी उभी राहते आणि म्हणते, "गुरुजी, फळ्यावर माझं नाव नसतानाही तुम्ही पाणी आणायला मलाच सांगता." गुरुजी म्हणाले, "तू चटकन आणतेस म्हणून." ती म्हणाली, "मग हळू आणू का?" सभा हसली. गुरुजीही हसले, पण सोमवारपासून स्वतःचा तांब्या स्वतः भरू लागले.

याच सभेतून आमचा एक दोष अनेक वर्षांनी उघडकीला आला. फळ्यावर नावे सरकत होती, तरी स्वयंपाकघरातील मदत मुलींना आणि विहिरीवरचे काम मुलांना, अशी वाटणी कोणीही न सांगता रुळली होती. जात मोडायला निघालेल्या फळ्यावर दुसरी एक जात ऐसपैस बसली होती म्हणायची. यादी दुरुस्त केली. घरी मात्र आमचे काही चालत नाही. दिवाळीच्या सुटीत झाडू हाती घेतलेल्या मुलाला आई दटावते, "ठेव तो, बहीण आहे ना!" सुटीहून परतल्यावर पोरे आम्हाला हे सांगतात आणि मग दोन आठवडे चुकारपणा करतात. मातापालकांच्या सभेत हा विषय आम्ही काढला आहे; हसण्यापलीकडे फारसे काही झालेले नाही.

याहून गंभीर गोष्ट चौथीनंतरची. येथून गेलेली मुले पाचवीला निरनिराळ्या शाळांत जातात. एका माजी विद्यार्थिनीने आम्हाला सांगितले की, तिच्या नव्या शाळेत वर्ग आणि शौचालय झाडायला ठरावीक वस्तीतील मुलींनाच उठवीत. पहिल्या दिवशी तिला उठवले तेव्हा तिला काहीच वावगे वाटले नाही. झाडणे तिच्या सवयीचे होते. दुसऱ्या दिवशी तीच नावे आली तेव्हा तिने शिक्षकांना विचारले, "सर, पाळीचा फळा कुठंय?" त्याबद्दल तिला वर्गाबाहेर उभे केले गेले. ती हे सांगत असताना आम्हाला तिचा अभिमान वाटला आणि धास्तीही वाटली. दहा वर्षांच्या मुलीला आम्ही असा प्रश्न विचारायला शिकवतो, पण तो विचारल्यानंतर तिच्या शेजारी उभे राहायला आम्ही तेथे नसतो. यावर काय करावे, याची चर्चा शिक्षक सभेत दोनदा झाली आहे. सध्या एवढेच ठरले आहे की, पाचवीला गेलेल्या मुलांच्या नव्या शाळांत पहिल्या सहामाहीत आमच्यापैकी एकाने जाऊन यायचे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे आपापल्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत, त्यांनी आपल्या शाळेत झाडलोटीची पाळी कशी लागते हे पाहून आम्हाला कळवले तर फार उपयोग होईल.

स्मरणिका प्रकाशनाच्या दिवशी शाळेला सुटी असली तरी फळा चालू राहील. त्या सकाळी पटांगणाची पाळी माजी विद्यार्थ्यांकडे आणि शौचालयांची संस्थेच्या विश्वस्तांकडे आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी आदल्या संध्याकाळपर्यंत अधीक्षकांकडे नावे द्यावीत, म्हणजे यादी लिहिता येईल. खराटे नवे आणलेले आहेत. रुळाचा तुकडा साडेपाचलाच वाजेल.